मुंग्यांवरची स्वस्त गोळी

दिग्रस,
२० नोव्हेंबर

चि. सोनूस,


तुझं पत्र पोचलं. रात्री उजवा हात मुंग्यांनी भरून येतो, उठून झटकला की बरं वाटतं, आणि दिवाळीच्या ब्लाऊजांच्या घाईत कात्री धरवेना, असं लिहिलंस. शेजारणीनं सांगितलेली बी-सिक्स जीवनसत्त्वाची शंभर मिलिग्रॅमची गोळी घेऊ का, स्वस्त आहे, अपाय तर नाही ना, असंही विचारलंस. माझा जन्म औषधाच्या दुकानात गेला, तर दुकानदाराचंच उत्तर ऐक. ही शंभरची घेऊ नकोस. साध्या मात्रेची घेऊन पाहायची असेल तर पाहा, पण आधी हाताला झालंय काय ते ठरू दे, आणि गोळीला मुदत घालून दे.

मुंग्या नेमक्या कुठल्या बोटांना येतात? अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू एवढ्यातच येत असतील आणि करंगळी मोकळी असेल, तर मनगटात नस दबल्याचा संशय धरायचा. डॉक्टर त्याला कार्पल टनेल म्हणतात. मनगटाची हाडं आणि वरचा जाड पट्टा यांच्यामधल्या अरुंद बोगद्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ कंडरा जातात आणि त्यांच्याच दाटीत ही नस. झोपेत मनगट मुडपलं की आतला दाब वाढतो, म्हणून त्रास रात्रीचा. थायरॉईड, साखर, संधिवात, गरोदरपण यांनीही तो उद्भवतो, आणि यातलं एकही बी-सिक्सनं सुटत नाही.

करंगळी बधिर होत असेल तर नस वेगळी, कोपराजवळून जाणारी. मग आपल्या भागात आणखी एक गोष्ट विचारावीच लागते. अंगावर कुठं फिकट किंवा लालसर चट्टा आहे का, ज्याला टोचलेलं कळत नाही? चुलीवरचं भांडं धरलं आणि फोड आल्यावरच समजलं, असं कधी झालं का? वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन आणि अमरावतीला दाजीसाहेब पटवर्धनांचं तपोवन उगाच उभं राहिलं नाही. विदर्भातून कुष्ठरोग अजून गेलेला नाही. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर नेमानं घेतली की रोग बरा होतो. पण नस कामातून गेल्यावर वाकलेली बोटं कुठल्याही गोळीनं सरळ होत नाहीत. अशा माणसानं शक्तीच्या गोळ्यांवर सहा महिने घालवले तर त्या गोळीची किंमत पाकिटावर छापलेली राहत नाही. तुला हे असेल असं मी म्हणत नाही, झटकल्यावर बरं वाटतं म्हणतेस ते मनगटाकडेच बोट दाखवतं. तरी एकदा हात नीट पाहून घे.

आता तुझी गोळी. ती अगदीच हवेतली नाही. टीबीच्या रोग्याला आयसोनियाझिड चालू असलं की अंगातलं बी-सिक्स कमी पडून हातपाय बधिर होऊ शकतात, म्हणून डॉक्टर त्याला हे जीवनसत्त्व सोबत देतात. मनगटाच्या नसेवर ते चालतं हा दावा मात्र अमेरिकेतल्या टेक्सासच्या जॉन एलिस या डॉक्टरचा. पुढे कार्ल फोल्कर्स हा रसायनशास्त्रज्ञ त्याच्या जोडीला आला. हा ऐरागैरा नव्हे. १९३९ मध्ये बी-सिक्स प्रयोगशाळेत बनवणाऱ्यांत तो होता, आणि १९४८ मध्ये बी-ट्वेल्व्ह वेगळं काढणाऱ्या चमूचा म्होरक्याही. इतकी मोठी नावं पाठीशी असल्यावर लोक गोळ्या घेणारच. नंतर काही रोग्यांना खरी गोळी आणि काहींना तशीच दिसणारी पोकळ गोळी देऊन छोट्या चाचण्या झाल्या, तेव्हा रात्रीच्या मुंग्यांत म्हणावा तसा फरक दिसला नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी म्हटलं असतं, घे बापडी. पण १९८३ मध्ये अमेरिकेत सात रोग्यांची हकीगत छापून आली. रोज दोन ते सहा ग्रॅम बी-सिक्स घेणारी ही माणसं. त्यांचा चालताना तोल जाऊ लागला, हातपाय बधिर झाले. म्हणजे ज्या मुंग्यांसाठी गोळी घ्यावी, त्याच मुंग्या गोळी आणते! पुढे याहून पुष्कळ कमी मात्राही दीर्घकाळ घेतल्यावर असा त्रास झाल्याचं आढळलं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये मोठ्या माणसासाठी रोजची कमाल मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणून ठेवली. अंगाला लागतं दीड-दोन मिलिग्रॅम, आणि हरभरा, केळं, बटाटा खाणाऱ्याला ते बहुधा ताटातूनच मिळतं.

बी-ट्वेल्व्हचं मात्र निराळं. ते दूध, अंडी, मटणातून येतं. दूधही फारसं न घेणाऱ्या माळकरी घरात किंवा साखरेसाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यात ते खरोखर कमी पडतं. रक्त तपासून कमी निघालं तर तिथं स्वस्त गोळी किंवा इंजेक्शन चोख काम करतं. ते कमी पडून येणाऱ्या मुंग्या बहुधा दोन्ही पायांपासून सुरू होतात, एका हातापासून नाही.

आणखी एक, जे दुकानाच्या गल्ल्यावर बसून दिसतं. गुण आलेला माणूस येऊन सांगतो, न आलेला दुसऱ्या दुकानात जातो. म्हणून दुकानदाराला प्रत्येक गोळी गुणकारीच वाटते. तुझ्या बाबतीत तर घोटाळा ठरलेला आहे. दिवाळीपर्यंत शिलाई, आणि वेचणीच्या आरंभाची सीतादहीची पूजा झाली की सासूबाईंबरोबर तू कापूस वेचायला. किलोवर मजुरी असली की बोटं थांबत नाहीत. गोळी डिसेंबरात सुरू केलीस आणि पऱ्हाटी उपटल्यावर हात हलका वाटला, तर श्रेय कुणाला देशील?

म्हणून आधी मनगट सरळ ठेवणारा पट्टा घे, ज्याला स्प्लिंट म्हणतात. ऑर्थोपेडिकचं सामान विकणाऱ्याकडे मिळतो. घट्ट आवळू नकोस, रोज रात्री बांध. सहा आठवडे दुसरं काही सुरू करू नकोस. भिंतीवरच्या कालनिर्णयात रात्री कितीदा जाग आली तेवढा आकडा लिहीत जा. फरक पडला नाही आणि गोळीही पाहायचीच असेल, तर साधी बी-कॉम्प्लेक्स घे, जिच्यात बी-सिक्स तीनेक मिलिग्रॅम असतं. तीही सहा आठवडेच, आकडे लिहीत. आकडे हलले नाहीत तर गोळी बंद. तुला बरं वाटतंय असं जावईबापूंना दिसतं, म्हणून चालू ठेवायची नाही. गरोदर असलीस, किंवा दिवस राहण्याची शक्यता असली, तर डॉक्टरला सांगितल्याशिवाय काहीच नको.

अंगठ्याखालचा मांसल भाग बसल्यासारखा दिसला, सुई बोटांतून निसटू लागली, बधिरपणा दिवसभर राहू लागला, तर सहा आठवडे थांबू नकोस. सरळ यवतमाळला वसंतराव नाईक मेडिकल कॉलेजच्या हाडांच्या ओपीडीत जा. नस किती दबली ते तपासायची चाचणी असते, मनगटात इंजेक्शन देतात, आणि गरज पडली तर बोगद्यावरचा तो जाड पट्टा कापून जागा मोकळी करण्याची छोटी शस्त्रक्रियाही होते. कारण विचारतील तेव्हा वेचणी, कात्री, आणि घरात पिकावर कीटकनाशक फवारणीचं काम कोण करतं, हे सगळं सांग. थायरॉईड आणि साखरेची तपासणी तिथंच करून घे.

घाटंजीच्या मेडिकलमधून त्या गोळीचं पाकीट आणून झालं असेल आणि अजून फोडलं नसेल, तर बिल घेऊन परत कर. फोडलं असेल तर मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते रविवारी फोनवर वाचून दाखव.



तुझा,
मामा