वळिवाचा पाऊस आणि पेरणीचा पाऊस

मे महिन्याच्या अखेरीस जालना जिल्ह्यात दुपारचे तापमान पुष्कळदा ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. भोकरदन-जाफराबादकडील माळ असो अथवा अंबड-घनसावंगीकडील काळे रान असो, नांगरून पडलेली जमीन भट्टीसारखी तापते. अशा दिवसांत तिसऱ्या प्रहरी क्षितिजावर फुलकोबीच्या गड्ड्यासारखे पांढरे ढग वर चढू लागतात. तासा-दोन तासांत त्यांचा माथा ऐरणीसारखा पसरतो व तळ काळवंडतो. धुळीचे लोट येतात, वारा एकाएकी गार होतो, टपोरे थेंब पडतात, क्वचित गाराही पडतात. अर्ध्या-पाऊण तासात सारे शांत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या मातीचा वास सुटलेला असतो आणि गावात जो तो एकच प्रश्न विचारतो : तिफण काढावी काय?

या प्रश्नाचे उत्तर चुकल्यास होणारी हानी मोठी असते. सोयाबीनचे बियाणे हेक्टरी सुमारे ७५ किलो लागते. अपुऱ्या ओलीवर पेरलेले बी पाणी शोषून फुगते, पण मोड जमिनीवर येण्याच्या आत ओल सरली की ते जागच्या जागी मरते. मग दुबार पेरणी आली. तिच्यासाठी बियाणे पुन्हा विकत, बहुधा उसनवारीने, घ्यावे लागते आणि हंगामाचे दोन-तीन आठवडे हातचे जातात ते वेगळेच. यास्तव आलेला पाऊस कोणत्या जातीचा आहे हे ओळखणे शेतकऱ्याच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

वळिवाचा पाऊस स्थानिक उष्णतेमुळे पडतो. तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर चढते. वर जाताना ती प्रसरण पावते, थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचे जलकण बनतात. बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते व त्या उष्णतेने ढग आणखी वर ढकलला जातो. असा ढग दहा-बारा किलोमीटर अथवा त्याहूनही उंच वाढतो. तेथे तापमान गोठणबिंदूच्या पुष्कळ खाली असल्याने गारा तयार होतात. पावसाबरोबर वरची थंड हवा वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. पावसापूर्वी अंगाला लागणारा गार वारा तो हाच. असा एक ढग थोड्याच किलोमीटरांचा प्रदेश व्यापतो, म्हणून एका शिवारात पाणी वाहते तर लगतच्या शिवारात धूळसुद्धा बसत नाही. शेजारच्या गावी पेरणी सुरू झाल्याचे ऐकून आपल्या रानात तिफण नेणे म्हणूनच फसवे ठरते.

मोसमी पावसाची लक्षणे निराळी आहेत. त्याचा वारा पश्चिमेकडून अथवा नैर्ऋत्येकडून येतो आणि दिवसभर व रात्रीही तसाच वाहत राहतो. वळिवाचा वारा मात्र एका तासात तीन दिशा बदलतो. अंगणात बांबूला फडक्याची पट्टी बांधून ठेवली तर हा फरक कोणाच्याही ध्यानात येईल. मोसमी हवेत ढग सकाळपासूनच असतात आणि ते खालून धावतात. दुपारचे तापमान बऱ्याच अंशांनी उतरते व उतरलेलेच राहते. धूळ उडत नाही. घरातील मीठ पाझरू लागते, पापड सादळतात. पाऊस दुपारची वाट पाहत नाही. तो पहाटेही येतो आणि रात्रीही येतो, गडगडाट थोडा असतो. ही लक्षणे दोन-तीन दिवस एकत्र दिसली तरच मोसमी हवा स्थिरावली असे समजावे.

पंचांगातील नक्षत्राचा आधार येथे पुरा पडत नाही. मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनच्या सुमारास लागते ते सूर्याच्या स्थितीवरून. त्या दिवशी ढगांनी यावे असे काही त्यात नाही. शिवाय पृथ्वीच्या अक्षाच्या मंद गतीमुळे नक्षत्रे ऋतूंच्या मानाने सुमारे ७१ वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. हजार वर्षांपूर्वी मृग ऋतुमानाने सुमारे १४ दिवस आधी लागत असे. जुन्या जाणत्यांचे निरीक्षण टाकाऊ नव्हते, परंतु ते त्यांच्या काळाचे व त्यांच्या मुलखाचे होते.

मोसमी वारे आले तरी जालन्यात पाऊस पडेलच असे नाही. अरबी समुद्रावरून आलेली बाष्पयुक्त हवा सह्याद्रीवर चढताना आपले बहुतेक पाणी तेथेच टाकते. महाबळेश्वरी वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. घाट उतरून पूर्वेकडे येताना हीच हवा दाबली जाऊन पुन्हा उबदार होते, तिची सापेक्ष आर्द्रता घटते आणि जालना जिल्ह्याच्या वाट्याला सुमारे ६०० ते ७५० मिलिमीटर पाऊस उरतो. पश्चिमेकडून ढगांचे कळप धावत येतात आणि न बरसता निघून जातात, हे जुलैतील नित्याचे दृश्य याचाच परिणाम होय. येथे भिजपाऊस, ज्याला लोक झड म्हणतात, तो बहुधा बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण होऊन पश्चिमेकडे सरकू लागले म्हणजे लागतो. हवामानवृत्तात उपसागराचा उल्लेख आला की मराठवाड्यातील श्रोत्याने विशेष कान द्यावा तो यासाठी.

२०२५ सालचा अनुभव बोलका आहे. त्या वर्षी मोसमी वारे २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचले. मुंबईपुरती ही नोंदींतील सर्वांत लवकरची तारीख होय. राज्यात मे महिन्यातच सर्वदूर पाऊस झाला. परंतु महिनाअखेरीपासून मोसमी वाऱ्यांची आगेकूच जूनच्या मध्यापर्यंत थबकली. पेरणीची घाई करू नये असे कृषी विभागाने त्या वेळी सांगितले होते, ते याच भयाने.

तेव्हा पेरणीचा निर्णय डोळ्यांनी नव्हे, तर मापाने करावा. खरीप पेरणीपूर्वी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झालेला असावा, अशी शिफारस आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, अर्थात हेक्टरी १०,००० लिटर पाणी. आकडा मोठा वाटतो, परंतु वाळलेल्या भारी काळ्या जमिनीत २५ मिलिमीटर पाऊस वीतभर खोलही ओल देत नाही. भेगांतून काही पाणी खाली उतरते, पण ती ओल सलग नसते. मे महिन्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला १० मिलिमीटर अथवा अधिक बाष्पीभवन होते. उघड्या जमिनीचा वरचा थर वाळल्यावर हा वेग मंदावतो हे खरे, पण बी पडते ते नेमके त्याच थरात. खुरप्याने चार ठिकाणी माती उकरून ओल किती खोल गेली हे पाहिल्यावाचून तिफण जुंपू नये.

पर्जन्यमापक विकत घेणे शक्य नसल्यास सरळ बाजूंचा पत्र्याचा डबा चालतो. बादली चालत नाही. ती तळाशी निमुळती असल्याने पाण्याची उंची पडलेल्या पावसाहून अधिक भरते. डबा मोकळ्या जागी, जवळच्या झाडाच्या अथवा भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर, उलटणार नाही असा बसवावा. हवामान खात्याच्या रीतीप्रमाणे रोज सकाळी ८.३० वाजता पाण्याची उंची पट्टीने मोजून डबा रिता करावा. २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झालेला दिवसच पावसाचा दिवस म्हणून धरतात. तारीख, मिलिमीटर, वाऱ्याची दिशा आणि पाऊस कोणत्या प्रहरी आला, एवढे वहीत लिहावे. मंडळाच्या ठिकाणचा आकडा पुष्कळदा आपल्या शिवाराशी जुळत नाही. तोही शेजारच्या रकान्यात उतरून घ्यावा. पाऊस न पडलेल्या दिवशी रकाना कोरा न ठेवता शून्य लिहावे, कारण जुलैतील खंड किती दिवसांचा होता हे पुढे त्या शून्यांवरूनच मोजता येते.