थायरॉईडची गोळी : रोज का आणि कशी?

"ताई, अंग जड झालंय, वजन वाढतंय, केस गळतायत," असं सोलापुरातल्या विडी वळणाऱ्या बाया सांगतात आणि वर म्हणतात, "दिवसभर बसून काम, होणारच!" दर वेळी दोष कामाचा नसतो. रक्तातली टीएसएच तपासणी करून घ्या.

आपल्या गळ्यातली थायरॉईड ग्रंथी अन्न-मिठातलं आयोडीन घेऊन थायरॉक्सिन बनवते. त्याच्या एका रेणूत आयोडीनचे ४ अणू असतात, म्हणून त्याला टी-४ म्हणतात. शरीर त्यातला १ अणू काढून टी-३ तयार करतं. पेशींचं काम मुख्यतः त्यावर चालतं. ग्रंथी कमी पडली की तेच थायरॉक्सिन गोळीतून द्यावं लागतं. ही ताकदीची गोळी नव्हे, कमतरतेची भरपाई आहे. बरं वाटलं म्हणून बंद करू नका. रक्तातलं निम्मं थायरॉक्सिन संपायलाच सुमारे ७ दिवस लागतात, म्हणून त्रास हळूहळू परततो.

गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्या. चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या ४ तासांनंतरच. एकत्र घेतल्यास थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही.

दिवस राहिल्यावर लगेच डॉक्टरांना दाखवा. डोस बहुधा वाढवावा लागतो. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉक्सिनवर होते. डोस बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी, गरोदरपणात ४ आठवड्यांनी, पुन्हा टीएसएच तपासा. शेजारणीची गोळी मात्र घेऊ नका.