वॉकर बाजूला ठेवा, बाळाला जमिनीवर खेळू द्या

बाळ जरा बसायला लागलं की कुणीतरी हौसेनं वॉकर आणतंच. आमच्या नातीच्या उष्टावणालाही एक आला, दिवे लागणारा, गाणी वाजवणारा. पोर त्यात बसून घरभर फिरायची आणि आम्ही कौतुकानं बघत राहायचो. एका संध्याकाळी ती स्वयंपाकघराकडे सुसाट निघाली, पुढचं चाक उंबरठ्याला अडलं आणि वॉकरसकट ती तोंडावर आपटली. सून दोन पावलांवर उभी होती, पण तिचा हात पोचेपर्यंत कपाळावर टेंगूळ आलं होतं. टेंगळावर निभावलं. एखाद्या जिन्याशी किंवा उकळत्या चहाशी हेच झालं असतं तर काय, या विचारानं आजही अंगावर काटा येतो.

बालरोगतज्ज्ञांनी तपासलं आणि वॉकर बंद करायला सांगितला. त्यात मूल बसल्या बसल्या चवड्यांनी जमीन ढकलतं. तोल सांभाळायची गरजच पडत नाही, म्हणून चालणं काही लवकर येत नाही. कॅनडानं तर २००४ पासून असल्या वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली आहे. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. तो मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलतं. मात्र तोही धरून उभं राहता यायला लागल्यावर, आणि मोठं माणूस शेजारी असतानाच द्यावा.

मग त्या जागी काय करायचं? जमिनीवर गोधडी अंथरायची आणि आपणही तिथेच बसायचं.

अगदी लहान बाळाला जागं असताना पोटावर पालथं ठेवावं. सुरुवातीला आईच्या किंवा बाबाच्या छातीवर, दोन-तीन मिनिटं पुरतात. दूध पाजल्यावर लगेच नको. बाळ कुरकुरलं तर उचलून घ्या, थोड्या वेळानं पुन्हा ठेवा. जे बाळ अजून सरकत नाही, त्याला दिवसभरात मिळून निदान अर्धा तास असं पालथं खेळवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. झोपवताना मात्र नेहमी पाठीवरच.

आम्ही नातीसमोर स्टीलचं चकचकीत ताट भिंतीला टेकवून ठेवायचो. त्यात हलणारा चेहरा बघायला ती मान वर काढायची, मग कोपरांवर रेटा द्यायची. बाळ कुशीवर वळायला लागलं की खुळखुळा डोळ्यांसमोरून हळूहळू बाजूला न्या. त्यामागे आधी मान, मग खांदा, मग कंबर वळते. बसणाऱ्या बाळाच्या दोन्ही बाजूंना खेळणी ठेवा, म्हणजे वाकून उचलताना तोल सावरायला ते शिकतं. रांगणाऱ्याला वाटेत उशी आडवी टाका, चढून पलीकडे जाऊ दे. उभं राहणाऱ्यासाठी दिवाणाच्या कडेला वाट्या मांडा, एकीकडून दुसरीकडे ते धरून धरून जाईल. पायात मोजे नकोत, फरशीवर पाय घसरतात. खेळवण्यापूर्वी जमिनीवरची बटणं, नाणी, शेंगदाणे वेचून घ्या. आणि बाळाला पलंगावर एकटं कधीही ठेवू नका.

शेजारचं मूल चालतं आणि आपलं नाही, म्हणून जीव टांगणीला लावू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत निरोगी मुलं साधारण आठव्या महिन्यापासून साडेसतराव्या महिन्यापर्यंत केव्हाही आधाराशिवाय चालू लागली, आणि काही तर न रांगताच चालली. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय ठरलेल्या तारखेपासून मोजावं.

पण काही खुणांकडे डोळेझाक नको. चौथ्या महिन्यानंतरही मान धरत नाही, नवव्या महिन्यानंतरही आधाराशिवाय बसत नाही, अंग फार ताठ किंवा फार ढिलं वाटतं, एकच हात वापरतं, दीड वर्षानंतरही चालत नाही, किंवा येत असलेली गोष्ट करेनासं होतं, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच डॉक्टरांना दाखवा. माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीचे टप्पे छापलेले असतात, आशाताई घरी आल्या की त्यांच्यासोबत ते वाचा. जिल्ह्यातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात अशा मुलांची तपासणी आणि उपचार मोफत होतात. ‘आमचाही उशिराच चालला होता’ असं म्हणून कुणी कितीही धीर दिला, तरी तपासणी पुढे ढकलू नका.