मिठी, वेढा आणि सीमा : शब्दकोड्यातील एक पाठ

भाषेच्या तासाला आम्ही मुलांपुढे शब्दकोडे ठेवतो, तेव्हा प्रथम एक नियम सांगतो. मराठी कोड्यात एका घरात एक अक्षर बसते. काना, मात्रा, वेलांटी व अनुस्वार अक्षरासोबतच राहतात. जोडाक्षरालाही एकच घर मिळते. म्हणून ‘आलिंगन’ चार घरांचे, ‘विळखा’ व ‘कुंपण’ प्रत्येकी तीन घरांचे, तर ‘कवटाळणे’ पाच घरांचे.

आता ही आडवी सूचना पाहा : ‘सभोवार होऊन आत घेणे, दोन अक्षरे.’ कोणी ‘मिठी’ लिहितो, कोणी ‘वेढा’. दोन्ही शब्द घरांत नेमके बसतात. खरे उत्तर उभ्या शब्दावरून ठरते. पहिल्या घरातून खाली उतरणाऱ्या शब्दाची सूचना ‘सखा’ असेल, तर तेथे ‘मित्र’ येतो आणि आडवे उत्तर ‘मिठी’ होते. तीच सूचना ‘मोबदल्यावाचून सक्तीने करवून घेतलेले काम’ अशी असेल, तर ‘वेठ’ येते आणि उत्तर ‘वेढा’ होते.

मिठीतून हवे तेव्हा बाहेर पडता येते. वेढ्यातून पडू दिले जात नाही. वेढा भिंतींचाच असतो असेही नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. तरीही महाडच्या चवदार तळ्याभोवतीचा रूढीचा वेढा उठला नाही. तो मोडण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो अनुयायांसह तेथे जावे लागले.

याच सूचनेचे तिसरे उत्तरही आहे. दुसऱ्या घरातून ‘जननी’ म्हणजे ‘माता’ उतरत असेल, तर आडवा शब्द ‘सीमा’ होऊ शकतो. विनयानुसार भिक्खुसंघ आपल्या कार्यासाठी सीमा ठरवतो. तिच्या आत असलेल्या भिक्खूला डावलून संघकर्म वैध ठरत नाही. आजारी भिक्खूलाही आपली संमती कळवावी लागते. आतल्या एकालाही विसरू नये, यासाठी ही रेषा असते. सांचीच्या मोठ्या स्तूपाभोवतीही दगडी कठडा आहे. परंतु चारही दिशांना तोरणे उभी आहेत.

आमच्या वसतिगृहालाही कुंपण आहे. घर सोडून आलेल्या मुलाला पहिल्या रात्री ते वेढ्यासारखे वाटते, हे आम्ही दरवर्षी पाहतो. पुढे त्याला तेथे आधार वाटेल की नाही, हे कुंपणाच्या उंचीवर ठरत नाही. शेजारच्या अंथरुणावर त्याला मित्र लाभतो की नाही, यावर ते ठरते. कोड्यातही उत्तर शेजारच्या शब्दानेच ठरले होते.

पालकांनी सुट्टीत मुलांसोबत आणखी दोन सूचना सोडवाव्यात : ‘मायेने उराशी धरणे, पाच अक्षरे’ आणि ‘स्तूपाभोवतीचा कठडा, तीन अक्षरे’. पहिलीचे उत्तर या पाठात येऊन गेले आहे, दुसरीचे ‘वेदिका’.