हरणाच्या शिकारीला प्रमाणपत्र लागतं का? – पाचवीच्या वर्गातला एक प्रश्न



आमची शाळा जंगलाच्या कडेला आहे. रात्री चितळं आणि रानडुकरं शेतात शिरतात, आणि सकाळी वर्गात कुणाचा ना कुणाचा बाप जागरण करून आलेला असतो. त्यामुळे परिसर अभ्यासात वन्यप्राण्यांचा विषय निघाला की आमची मुलं पुस्तकातलं कमी आणि घरचं जास्त बोलतात.

त्या दिवशी मी सांगत होते की आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे, पण काही देशांत हरणाची शिकार कायद्याने करता येते. मागच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला. "मॅडम, मंग तिकडं त्याची परीक्षा राहते का? पास झालं का मारता येते?"

मी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "असणारच ना. बंदुकीचं काम आहे. प्रमाणपत्र असल्याशिवाय कोण जाऊ देईल?"

घरी गेल्यावर म्हटलं, एकदा बघून घेऊ. ब्रिटनचं उदाहरण घेतलं, कारण तिथले नियम सविस्तर लिहिलेले आहेत. आणि लक्षात आलं की मी मुलांना चुकीचं सांगितलंय. ती चूक दुरुस्त करताना जे शिकले, ते या पाठात मांडते आहे. विषय हरणांचा असला तरी शेवटी तो आपल्या धंद्यापाशी येतो, म्हणजे परीक्षा आणि प्रमाणपत्रापाशी.

ब्रिटनमध्ये हरणं मारतात तरी कशाला?

मुलांचा पहिला प्रश्न हाच असतो, म्हणून आधी हे. ब्रिटनमध्ये रानात सहा प्रकारची हरणं आहेत: रेड डिअर, रो, फॅलो, सिका, मुंटजॅक आणि चायनीज वॉटर डिअर. यातली रेड आणि रो ही मूळची तिथली. बाकीची माणसाने बाहेरून आणलेली. मुंटजॅक तर आपल्या भेकराच्या कुळातला, चीनमधून तिकडे गेलेला.

हरणांना खाणारे लांडगे तिथे शेकडो वर्षांपूर्वी संपले, लिंक्स हे मोठं रानमांजर त्याही आधी. खाणारं कुणी उरलं नाही, मग संख्या वाढत गेली. आज देशभरात सुमारे २० लाख हरणं असावीत, असा अंदाज नेहमी दिला जातो. ती कोवळी रोपं खातात, नवीन झाड वर येऊ देत नाहीत, पिकात शिरतात, रस्त्यावर गाड्यांना आडवी येतात. म्हणून संख्या आटोक्यात ठेवायला शिकार केली जाते. काही लोक हौस म्हणूनही करतात, आणि मांस विकलंही जातं.

या शिकारीची पद्धत म्हणजे स्टॉकिंग. कुत्रे सोडून पाठलाग करायचा नाही, तर वाऱ्याचा अंदाज घेत, दुर्बिणीतून बघत, गरज पडली तर पोटावर सरपटत हरणाच्या जवळ जायचं आणि रायफलची एकच गोळी अशी झाडायची की ते जागेवर पडेल.

आधी तीन शब्द वेगळे करू

माझी चूक इथे झाली होती. मी परवानगी, क्षमता आणि प्रमाणपत्र या तीन गोष्टी एकच समजून बसले होते.

परवानगी म्हणजे ते काम करायला कायद्याची किंवा मालकाची हरकत नसणं. क्षमता म्हणजे ते काम नीट करता येणं. आणि प्रमाणपत्र म्हणजे ती क्षमता एका दिवशी, एका परीक्षकासमोर दिसली, याचा कागद. तिन्ही एकत्र असतील तर उत्तमच, पण त्या तशा असतातच असं नाही.

कायदा काय मागतो?

इंग्लंड आणि वेल्समध्ये हरणाच्या शिकारीला जाण्यासाठी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र असलंच पाहिजे, अशी सरसकट सक्ती कायद्याने केलेली नाही. पण म्हणून कुणीही उठून जावं असंही नाही. कायदा दुसऱ्या बऱ्याच गोष्टी मागतो:

१. रायफलसाठी पोलिसांचा परवाना. हा १९६८ च्या शस्त्र कायद्याखाली मिळतो आणि पाच वर्षांनी नवा करावा लागतो. रायफल कशासाठी हवी, याचं सबळ कारण द्यावं लागतं. माणूस सुरक्षित आहे का, हे पोलीस पाहतात. नवख्याला अनुभव कुठून घेतलास, हेही विचारू शकतात.

२. जमिनीच्या मालकाची किंवा वहिवाटदाराची संमती. ती नसेल तर ती चोरटी शिकार, म्हणजे गुन्हा.

३. हंगाम. १९९१ च्या डिअर ॲक्टमध्ये कोणत्या जातीचा नर किंवा मादी कधी मारायची नाही, हे दिलेलं आहे. उदाहरणार्थ, इंग्लंडमध्ये रेड डिअरची मादी १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर या काळात मारता येत नाही. कारण साधं आहे. पिल्लं मे-जूनच्या सुमारास होतात. आई गेली तर पाडस उपाशी मरणार.

४. वेळ. सूर्य मावळल्यावर एक तासानंतर ते सूर्य उगवण्याच्या एक तास आधीपर्यंत शिकार बंद.

५. हत्यार. मोठ्या जातींसाठी रायफल किमान ०.२४० इंच व्यासाची आणि गोळीची ताकद नळीच्या तोंडाशी किमान १,७०० फूट-पौंड असावी लागते. गोळी नरम टोकाची, आत गेल्यावर पसरणारी हवी. कमी ताकदीच्या गोळीने हरीण मरत नाही, जखमी होऊन पळतं.

आता गंमत बघा. बंदूक कशी असावी, गोळी कशी असावी, तारीख कोणती, तास कोणता, हे सगळं कायद्याने ठरवलंय. ती बंदूक धरणाऱ्या माणसाला नेम धरता येतो का, हे मात्र त्या यादीत नाही! मुलांना हे सांगितलं तेव्हा वर्ग हसला. मग एक मुलगी म्हणाली, "मॅडम, गाडीचं लायसन तर चालवून दाखवल्यावर भेटते." तिचं बरोबर होतं.

मग प्रमाणपत्र कुठे आडवं येतं?

तिथे डिअर स्टॉकिंग सर्टिफिकेट नावाचं प्रमाणपत्र आहे, पातळी १ आणि पातळी २. ते ऐच्छिक आहे, तरी कायदा मागत नाही ते भोवतालची माणसं मागतात. अनेक जमीनमालक पातळी १ असल्याशिवाय पाय ठेवू देत नाहीत. सरकारी जंगलात हे काम करायचं तर सहसा पातळी २ ची अपेक्षा असते.

मांसाच्या बाबतीत तर नियमच आहे. शिकार केलेलं हरीण परवानाधारक मांस-केंद्राला द्यायचं असेल, तर प्रशिक्षित व्यक्तीने ते तपासून, रोगाची लक्षणं दिसली नाहीत असं सहीनिशी लिहून द्यावं लागतं. घरी खायला नेलं तर ही अट नाही. म्हणजे मारायला कागद लागत नाही, पण विकायला कुणातरी शिकलेल्याची सही लागते.

स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, १९९६ चा. तिथे रात्री किंवा बंद हंगामात हरणं मारायची खास परवानगी हवी असेल, तर नेचरस्कॉट ही सरकारी संस्था माणूस 'योग्य आणि सक्षम' आहे का हे पाहते, आणि तिथे ही प्रमाणपत्रं उपयोगी पडतात. २०११ च्या कायद्याने सक्षम शिकाऱ्यांची नोंदवही करण्याचा अधिकारही तिथल्या मंत्र्यांना दिला. सर्वांना सक्ती करावी का, ही चर्चा तिथे बरीच वर्षं चालू आहे.

परीक्षेत काय विचारतात?

शिक्षक म्हणून मला यात सगळ्यात जास्त रस वाटला. पातळी १ मध्ये लेखी प्रश्न असतात: कायदा, हंगाम, हरणांच्या सवयी, मांसाची स्वच्छता. चित्र बघून जात, नर-मादी ओळखायची असते. सुरक्षिततेची तोंडी-प्रात्यक्षिक परीक्षा असते. आणि नेमबाजी: आधी १०० मीटरवर तीन गोळ्या चार इंचांच्या वर्तुळात बसवायच्या, मग हरणाच्या आकाराच्या लक्ष्यावर १००, ७० आणि ४० मीटरवरून प्रत्येकी दोन. चार इंच म्हणजे साधारण वाटीच्या तोंडाएवढं. छातीत हृदय-फुप्फुसाच्या जागी एवढ्यात गोळी बसली तर प्राणी लगेच जातो.

पातळी २ मध्ये हॉल नाही, बाकही नाहीत. प्रत्यक्ष रानात, मान्यताप्राप्त साक्षीदारासमोर पूर्ण काम करून दाखवायचं: शोधणं, जवळ जाणं, मारणं, तपासणं, मांस स्वच्छ ठेवून बाहेर आणणं.

सुरक्षिततेच्या भागातली एक गोष्ट मी फळ्यावर लिहिली. हरीण टेकडीच्या कडेवर, मागे नुसतं आकाश असं उभं असेल तर गोळी झाडायची नाही. कारण नेम चुकला किंवा गोळी आरपार गेली, तर ती कुठे जाऊन पडेल हे दिसत नाही. मागे मातीचा उतार हवा. म्हणजे हरीण समोर आहे, परवाना खिशात आहे, हंगाम चालू आहे, नेमही पक्का आहे, तरी हात आवरायचा. मला वाटतं, त्या सगळ्या शिक्षणाचं सार 'कधी मारायचं नाही' यातच आहे.

दुसरे देश काय करतात?

जर्मनीत शिकारीची परीक्षा कायद्याने सक्तीची आहे. लेखी, तोंडी-प्रात्यक्षिक आणि नेमबाजी, तिन्ही पास झाल्याशिवाय शिकारीचा परवानाच मिळत नाही. अभ्यास इतका मोठा की लोक तिला थट्टेने जी उपमा देतात, तिचा आपल्या भाषेत अर्थ 'हिरवी बारावी' असा होईल.

नॉर्वेमध्ये एकदा शिकारीची परीक्षा द्यावी लागतेच. शिवाय हरणासारखे मोठे प्राणी मारणाऱ्याला दरवर्षी नेमबाजीची चाचणी द्यावी लागते. मागच्या वर्षी पास झालास, ठीक. या वर्षी हात स्थिर आहे का, ते दाखव. हे मला फार शहाणपणाचं वाटलं. आपण एकदा मिळालेलं प्रमाणपत्र लॅमिनेट करून भिंतीवर लावतो, कौशल्य मात्र गंजत राहतं.

सक्ती असावी की नसावी?

दोन्ही बाजूंनी बोलता येतं, आणि वर्गात दोन्ही बाजू आल्या पाहिजेत.

सक्ती नको म्हणणारे सांगतात: डोंगरात तीस-तीस वर्षं काम केलेल्या माणसाला परीक्षेला बसवून काय मिळणार? परीक्षेला पैसे लागतात. आणि दोन दिवसांत परीक्षा पास झालेला नवखा स्वतःला तज्ज्ञ समजायला लागला तर तो जास्त धोक्याचा. खरं शिक्षण जाणत्या माणसाच्या मागे मागे चालूनच होतं.

सक्ती हवी म्हणणारे सांगतात: नेम चुकला तर किंमत हरीण मोजतं. पाय तुटलेलं, जबडा उडालेलं हरीण दिवसेंदिवस तडफडतं, आणि ते कुणाकडे तक्रार करायला येत नाही. जाणत्याला परीक्षा अवघड जाणार नाही, मग देऊन टाकायला काय हरकत आहे?

माझं मत विचाराल तर मी दुसऱ्या बाजूला झुकते. जिथे चुकीचा त्रास दुसऱ्याला होतो आणि त्या दुसऱ्याला बोलता येत नाही, तिथे किमान परीक्षा असलीच पाहिजे. पण पहिल्या बाजूचं एक म्हणणं मला सोडवत नाही: कागद पुरेसा नसतो.

हे मी अनुभवाने सांगते. डीएडचं प्रमाणपत्र हातात घेऊन मी पहिल्यांदा वर्गात उभी राहिले, तेव्हा पाठ टाचण अगदी नमुनेदार होतं. आणि एक मुलगी तासभर खिडकीबाहेर बघत राहिली, तर मी तिला सगळ्यांसमोर रागावले. तिच्या घरी आदल्या रात्री काय झालं होतं, हे मला आमच्या मोठ्या बाईंनी मधल्या सुट्टीत सांगितलं. ती मुलगी पुढचे दोन महिने माझ्या तासाला बोलली नाही. डीएडच्या कोणत्याही पेपरात तो प्रश्न नव्हता. मोठ्या बाईंच्या मागे मागे फिरूनच मी पुढचं शिकले. पण डीएड नसतं तरी चाललं असतं, असंही मी म्हणणार नाही. किमान पायरी ती होतीच.

वर्गात पुढे काय झालं?

दुसऱ्या दिवशी मी मुलांना सांगितलं, "काल मी चुकीचं सांगितलं." वर्ग एकदम शांत झाला. मॅडम चुकतात, ही बातमीच होती. मग फळ्यावर तीन रकाने आखले: परवानगी, क्षमता, प्रमाणपत्र. मुलांनी गावातली कामं त्यात बसवली. ट्रॅक्टर चालवणं, विहिरीत उतरणं, इंजेक्शन देणं, साप पकडणं, बाळंतीण सांभाळणं. कुठे तिन्ही आहेत, कुठे एकच आहे, यावर अर्धा तास वाद झाला. तुमच्या वर्गात किंवा घरी हा उपक्रम जरूर करून बघा. शेवटी एवढंच विचारा: "हे काम चुकलं तर त्रास कुणाला होतो?" ज्या कामाचा त्रास दुसऱ्याला होतो, तिथे कागद मागा, आणि कागदावर थांबू नका.

आपल्या भागात हा पाठ घेताना एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगा. आपल्याकडे हौसेच्या शिकारीची परीक्षाही नाही आणि परवानाही नाही. पीक खाल्लं तर वनविभागाकडे नुकसानभरपाईचा अर्ज करायचा, तारेत वीज सोडायची नाही. हे सांगताना काही मुलांनी माना खाली घातल्या. मी कुणाचं नाव घेतलं नाही.

पहिला प्रश्न विचारणाऱ्या मुलाने तास संपल्यावर वही दाखवली. त्याने लिहिलं होतं: "पास झालं म्हणून मारता येते असं नाही. कधी मारू नये हे समजलं तर पास." मी खाली सही केली. शेरा लिहायला काही उरलं नव्हतं.