बुडालेले विमान वर काढल्यावर...

२८ डिसेंबर १९४२ रोजी जर्मनीचे ‘हाइंकेल ११५’ हे समुद्री विमान नॉर्वेतील हाफ्रस्फ्योर्ड या खाडीत बुडाले. २ जून २०१२ रोजी, म्हणजे सुमारे ७० वर्षांनी, सोला येथील विमान-संग्रहालयाने ते वर काढले.

अशी विमाने सापडतात कशी? बोटीतून पाण्यात ध्वनिलहरी सोडतात. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असतो. प्रतिध्वनी ०.०४ सेकंदात परत आला, तर लहरीने जाऊन-येऊन ६० मीटर अंतर कापले. म्हणजेच वस्तू ३० मीटरवर आहे.

खरी कसोटी पुढेच असते. ॲल्युमिनिअमवरील ऑक्साइडचा पातळ थर त्याचे रक्षण करतो. समुद्राच्या पाण्यातील क्लोराइड हा थर भेदते. शिवाय ॲल्युमिनिअमचे पत्रे व पोलादी बोल्ट यांचा खाऱ्या पाण्यात विद्युतघट तयार होतो आणि ॲल्युमिनिअम झिजते. तळाशी ऑक्सिजन कमी असेल, तर ही झीज मंदावते. हवेत येताच ती झपाट्याने वाढते. म्हणून विमान वाळू न देता गोड्या पाण्याने दीर्घकाळ धुवून क्षार काढतात. येथे घाई केली, तर समुद्राने राखलेले विमान किनाऱ्यावर नष्ट व्हायचे!

क्षार गेले हे कसे ओळखावे? शिक्षकांच्या देखरेखीखाली करून पाहा. मिठाच्या पाण्यात बुडवलेली ॲल्युमिनिअमची पट्टी ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवा. त्यातले थोडे पाणी परीक्षानळीत घेऊन सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाका. पांढरा साका दिसेल. पट्टीचे पाणी बदलत राहा. साका येईनासा झाला, की क्लोराइड जवळजवळ संपले असे समजा.