सर्वेक्षणाची नीती : विचारणाऱ्याचे कर्तव्य, सांगणाऱ्याचा अधिकार

प्रश्नावली घेऊन दारी येणारा मनुष्य आता गावाला नवा राहिलेला नाही. पीकपाणी, कर्ज, शाळागळती, बाळंतपण, व्यसन अशा नाना विषयांवर विद्यापीठांतील विद्यार्थी व अध्यापक घरोघर जाऊन माहिती गोळा करतात. तिच्यामुळे ज्ञानात भर पडते आणि योजना आखण्यासही तिचा उपयोग होतो. सर्वेक्षणात औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. नुसत्या प्रश्नांनी कोणाचे काय बिघडणार, असा समज मात्र रूढ आहे. तो बरोबर नाही. सावकाराचे देणे किती, हे शेजाऱ्याच्या कानी पडले तर घराची पत जाते. नवऱ्याच्या मारहाणीविषयी स्त्रीने दिलेले उत्तर घरात कळले, तर त्याची किंमत तिलाच मोजावी लागते. म्हणूनच प्रश्न विचारण्यापूर्वी ते प्रश्न व ते विचारण्याची रीत यांची तपासणी त्रयस्थांकडून व्हावी, ही पद्धत पुढे आली.

नियमांचा उगम

या तपासणीला गती मिळाली ती एका लाजिरवाण्या घटनेमुळे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात, टस्कीगीच्या परिसरात, तेथील सरकारी आरोग्यसेवेने १९३२ साली सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांचे निरीक्षण सुरू केले. त्यांपैकी ३९९ जण उपदंशाने पीडित होते. रोगाचे खरे नाव त्यांना सांगण्यात आले नाही; रक्त बिघडले आहे, एवढेच भासविण्यात आले. पुढे पेनिसिलीन हा गुणकारी उपाय उपलब्ध झाला, तरी तो त्यांना देण्यात आला नाही. १९७२ मध्ये वृत्तपत्रांनी हे प्रकरण उघडकीस आणले. १९७४ मध्ये अमेरिकेत संशोधनविषयक कायदा झाला आणि त्यानुसार नेमलेल्या आयोगाने १९७९ मध्ये बेल्माँट अहवाल प्रसिद्ध केला. व्यक्तीचा आदर, तिचे हित आणि न्याय ही तीन तत्त्वे त्या अहवालाने मांडली. सर्वेक्षणाच्या भाषेत त्यांचा अर्थ सरळ आहे : विचारल्याशिवाय माहिती घेऊ नये, माहिती देणाऱ्याचे नुकसान होऊ देऊ नये, आणि गरीब सहज सापडतो म्हणून सारा भार त्याच्यावरच टाकू नये.

भारतातील व्यवस्था

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८० मध्ये या विषयावर पहिले धोरण जाहीर केले. पुढे २००० व २००६ मध्ये विस्तृत मार्गदर्शक तत्त्वे आली आणि २०१७ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती निघाली. आरोग्याशी संबंधित सामाजिक संशोधनही या तत्त्वांच्या कक्षेत येते. २००० सालीच मुंबईच्या ‘सेहत’ या संस्थेच्या पुढाकाराने आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी स्वतंत्र नीतितत्त्वे तयार करण्यात आली.

२०१७ च्या तत्त्वांनुसार नीती समितीत ७ ते १५ सदस्य असावेत. अध्यक्ष संस्थेबाहेरील असावा, आणि निम्मे तरी सदस्य बाहेरचे असावेत. वैद्यक जाणणाऱ्यांबरोबर कायदेतज्ज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि एक सामान्य नागरिकही समितीत असावा लागतो. हा सामान्य नागरिक शोभेसाठी नसतो. संमतिपत्राची भाषा साध्या माणसाला समजते की नाही, हे विद्वानांपेक्षा तोच अधिक चांगले सांगू शकतो. प्रस्तावातील धोका पाहून समिती त्यास पूर्ण तपासणीतून सूट देते, त्याचा शीघ्र विचार करते, किंवा तो पूर्ण बैठकीपुढे ठेवते. आपल्या सर्वेक्षणाला तपासणी नको, हे संशोधकाने स्वतःच ठरवावयाचे नसते.

जनगणना आणि विद्यापीठाचे सर्वेक्षण

या दोहोंत पुष्कळांची गल्लत होते. १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार प्रगणकाच्या प्रश्नांना उत्तर देणे बंधनकारक आहे. मात्र दिलेली माहिती त्याच कायद्याने गुप्त राखली जाते व ती न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येत नाही. विशेष म्हणजे, पतीचे नाव उच्चारणे ज्या स्त्रीस रूढीने निषिद्ध आहे, तिच्यावर ते सांगण्याची सक्ती हा कायदा करीत नाही. जेथे उत्तर देणे सक्तीचे आहे, तेथेही माणसाचा संकोच एवढा जपला गेला आहे. विद्यापीठाच्या सर्वेक्षणात तर मुळी सक्तीच नाही. उत्तरदात्यास नकार देता येतो, एखादा प्रश्न वगळता येतो, मुलाखत मध्येच थांबविता येते. आणि त्यामुळे रेशन, दाखला किंवा उपचार यांवर काही परिणाम होता कामा नये.

येथे गावच्या अधिकाऱ्यांनी व शिक्षकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. तलाठी, ग्रामसेवक किंवा मुख्याध्यापक सोबत आले, की दारात उभ्या असलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणणे कठीण होते. ओळख करून द्यावी आणि मुलाखतीच्या वेळी बाजूस व्हावे, हेच योग्य. सरपंचाची परवानगी म्हणजे गावात येण्याची परवानगी. ती कोणा एका घराची संमती नव्हे. निरक्षर व्यक्तीस मजकूर वाचून दाखवावा आणि अंगठा घेताना निःपक्षपाती साक्षीदार असावा. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते आणि समजत्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो.

नाव झाकणे पुरेसे नाही

डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा गावाचे नाव उघड छापले गेले. पुढे म्हैसूर भागातील एका गावाचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी त्या गावास ‘रामपुरा’ असे कल्पित नाव दिले; तरी मूळ गाव कोडगहळ्ळी हे कालांतराने सर्वज्ञात झाले. यावरून बोध घेण्याजोगा आहे. ‘गावातील एकमेव दुकानदार’ किंवा ‘माजी सरपंचाची विधवा सून’ असे लिहिले, की नाव न छापताही माणूस ओळखू येतो. नावांची यादी व उत्तरे वेगवेगळी ठेवणे, कागद कुलपात ठेवणे, मोबाइलवरील माहिती इतरांस न दाखविणे, ही सारी सर्वेक्षकाची जबाबदारी होय.

प्रशिक्षणाची गरज

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत नीतिविषयक प्रशिक्षण पुरे केल्याखेरीज प्रस्ताव मंजूर होत नाही. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम आवश्यक केला. त्यात भर आहे तो मुख्यतः वाङ्मयचौर्य, प्रकाशन व संशोधनातील प्रामाणिकपणा यांवर. सासूच्या देखत सुनेला प्रश्न विचारू नये, विचारता विचारता कोणाचे डोळे भरून आले तर वही मिटावी, योजना मिळवून देण्याचे खोटे आश्वासन देऊ नये, या गोष्टी निराळ्याने शिकवाव्या लागतात. प्रत्यक्ष दारात जातो तो बहुधा रोजंदारीवर नेमलेला तरुण असतो, मार्गदर्शक प्राध्यापक नव्हे. सबब हे शिक्षण त्या तरुणापर्यंत पोहोचले पाहिजे.

दारात विचारावयाचे पाच प्रश्न

सर्वेक्षक आल्यावर ग्रामस्थांनी निःसंकोचपणे पुढील गोष्टी विचाराव्यात : तुम्ही कोणत्या संस्थेतर्फे आलात? माहिती कशासाठी हवी आहे? माझे नाव कोणाकोणाला कळेल? नीती समितीची मंजुरी आहे काय? आणि काही तक्रार असल्यास कोणाकडे करावी? चांगल्या सर्वेक्षकास या प्रश्नांचा राग येत नाही. त्यांची उत्तरे त्याच्या कागदावर छापलेलीच असतात. ज्याला आपण सुरक्षित आहोत अशी खात्री पटते, तोच खरे उत्तर देतो. भीतीने किंवा भिडेने दिलेल्या उत्तरांवर उभारलेले ज्ञान आणि त्यावर आखलेली योजना, दोन्ही पोकळ ठरतात. संशोधनातील नीती ही माहिती सांगणाऱ्याचे रक्षण करते, तशीच ती सत्याचेही रक्षण करते.